बॉडी बसवली: चौदापैकी बारा बोल्ट झाले

गेले तीन रविवार एकाच प्रश्नात गेले. मी बांधतोय त्या गाडीची फायबरची (काचतंतू आणि रेझिनची) बॉडी चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, कशाने आवळायची?

बॉडी चौदा ठिकाणी चासीवर टेकते. ‘जितका मजबूत तितका चांगला’ म्हणून मी आधी १२.९ ग्रेडचे (ग्रेडचा आकडा मोठा तितका बोल्ट मजबूत) काळे अॅलन बोल्ट आणले होते. फायबरच्या उरलेल्या तुकड्यावर एक आवळून पाहिला, तर वायसरभोवती जेलकोटला (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला) चांदणीसारख्या चिरा गेल्या. तो तुकडा घेऊन गल्लीतल्या मामांकडे गेलो. त्यांचं सगळं आयुष्य पॉवरलूमवर फिटर म्हणून गेलं. दिवसभर हादरणाऱ्या मागाचे नट ढिले का होतात हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? तुकडा उलटसुलट करून म्हणाले, “बोल्टाला काय झालंय बे? त्याच्याखालचं बघ. लोखंड ताण धरतं, हे दबत जाणार. आज आवळशील, महिन्यानं ढिलं.”

घरी येऊन हिशेब मांडला. साधा ८.८ ग्रेडचा एम८ (८ मिमी जाडीचा) बोल्ट २५ न्यूटन-मीटरच्या पिळानं आवळला की साधारण १५ किलोन्यूटन दाब येतो, म्हणजे दीड टन. तो १६ मिमीच्या साध्या वायसरखाली! रेझिन अशा सततच्या दाबाखाली हळूहळू दबतं, गरम झालं की जास्तच. आपल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीला हात लावून बघा. म्हणजे १२.९ चा काही उपयोगच नव्हता, ८.८ भरपूर आहे. फायबरवर तो दाब पडू न देणं हे खरं काम.

म्हणून बुश, म्हणजे बोल्टाभोवती बसणारी धातूची आखूड नळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लेथवर चौदा बुश करून घेतले: बाहेरून १२ मिमी, आतून ८.५. बॉडीच्या वर-खाली ३ मिमी निओप्रीन रबर, त्यावर ३० मिमीचा, ३ मिमी जाड वायसर. बोल्टाचा दाब वायसर, बुश आणि चासी यांच्यातच राहतो; फायबर फक्त रबरात धरलेलं. हातानं मॅट (काचतंतूंचा थर) लावलेली बॉडी कुठे ३.६ मिमी, कुठे ४.८, त्यामुळे एकाच मापाचे बुश चालत नाहीत. प्रत्येक जागा व्हर्नियरनं मोजली, बुशची लांबी त्या जाडीपेक्षा ५ मिमी जास्त ठेवली, म्हणजे दोन्ही रबरं मिळून १ मिमी दाबली जातात. बुशांवर मार्करनं नंबर टाका, नाहीतर शोधत बसाल.

दुसरी गोष्ट भोकांची. फायबर लोखंडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. अडीच मीटर लांबीत, जानेवारीतली पहाट ते मेमधली दुपार धरली, तर दीड मिमीच्या आसपास फरक पडतो. त्यामुळे पुढचे दोन बिंदू घट्ट ठेवले, बाकी भोकं १५ मिमीची केली. १२ चा बुश त्यात मोकळा सरकतो.

चासीच्या बाजूला मी रिव्हनट (पाइपच्या भोकात रिव्हेटसारखे दाबून बसवायचे नट) वापरले नाहीत. पातळ पाइपमध्ये ते एकदा गोल फिरायला लागले की बोल्ट निघत नाही, कापावाच लागतो. पाइपमधून आरपार नळी वेल्ड केली, म्हणजे आवळताना पाइपही चेपत नाही. वरून बोल्ट, खालून नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला, ढिला न होणारा नट). सायलेन्सरजवळच्या दोन ठिकाणी मात्र पूर्ण धातूचे लॉकनट, कारण नायलॉकमधलं नायलॉन साधारण १२० अंशांपुढे भरवशाचं नाही. चाकांच्या कमानीत स्टेनलेसचे बोल्ट टाकले, आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून. कोरडे लावले तर स्टेनलेसवर स्टेनलेस चिकटून बसतं.

सीट आणि बेल्टचे बोल्ट यात धरलेले नाहीत. ते थेट चासीलाच, फायबरला कधीच नाही.

बारा बिंदू आवळून प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ मारली; ही सवय मामांचीच. मागचे दोन राहिले. तिथलं भोक चासीच्या नळीपासून ४ मिमी सरकलंय. कानसीनं ओढून मोठं करणार नाही. मॅट आणि रेझिननं बुजवून, पूर्ण वाळल्यावर पुन्हा पाडणार.