रक्तातलं आणि कंपूतलं

आजीला नैराश्य होतं म्हणून नातीला होणारच, असं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत अनुवंशाचा वाटा साधारण 37 टक्के निघतो. तोही माणसामाणसांतल्या फरकाचा, एकट्या मुलीच्या नशिबाचा नव्हे. नैराश्याशी जोडलं गेल्याने 2003 साली गाजलेलं सेरोटोनिनचं (मेंदूतल्या एका रसायनाचं) जनुक 2019 च्या मोठ्या पडताळणीत टिकलं नाही. अनेक जनुकं थोडा थोडा भार टाकतात.

गुंता पुढे आहे. चिडका, हळवा स्वभाव अंशतः वारशाने येतो. त्यापायी मुलगा कंपूबाहेर पडतो आणि एकटेपणाने आणखी खचतो. राजापूरकडच्या एखाद्या वाडीत शाळा एक, एसटीही एकच. कंपू बदलणार कुठे?

दोन आठवडे उदासी किंवा चिडचिड, सोबत झोप-भूक बिघडलेली, खेळ सुटलेला दिसला तर देवाला गाऱ्हाणं घालाच हवं तर, पण 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनलाही फोन करा. मोफत आहे.