एक जूनचा हिशोब

आमच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसच्या (हजेरी-पगार बघणाऱ्या) कम्प्युटरवर एक एक्सेल शीट होती, माझ्या आधीच्या क्लार्कने बनवलेली. वय, पगार आणि अपंगत्वाचे टक्के टाकले की खाली नुकसानभरपाईचा आकडा यायचा. सात वर्षांत ती उघडायची वेळ माझ्यावर एकदाच आली.

प्रेस मशीनवरचे मामा. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. २०२१च्या नोव्हेंबरात पॉवर प्रेसच्या डायखाली त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. जानेवारीत जखम भरली, डॉक्टरांचा दाखला आला आणि हिशोब माझ्या टेबलावर आला.

खरं तर तो माझ्याकडे यायलाच नको होता. आमचे बहुतेक कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेत. मामा जुलैच्या पगारवाढीपर्यंत तिथेच होते. २०,४००चे २२,३०० झाले आणि ईएसआयची २१,०००ची पगारमर्यादा ओलांडली गेली. सप्टेंबरअखेर अंशदानाचा, म्हणजे वर्गणी कापायचा, सहामाही कालावधी संपला, १ ऑक्टोबरपासून मामा बाहेर. दर महिन्याची दीड-पावणेदोनशेची कपात वाचली म्हणून मला सांगायला आले होते. मीही अभिनंदन केलं. त्यानंतर दोन महिनेसुद्धा गेले नाहीत.

ईएसआय नाही म्हणजे तेव्हा १९२३चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागायचा. त्याचं गणित तसं सोपं होतं. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. अंशतः असेल तर त्यातले जितके टक्के कमाईची क्षमता गेली तितकीच रक्कम. हे टक्के त्या कायद्याच्या परिशिष्टात छापलेले होते. तर्जनी एकटी गेली तर १४, मधलं बोट एकटं गेलं तर १२. दोन्ही गेली की २६ होतील असं वाटतं, पण तिथे 'एका हाताची दोन बोटं' अशी वेगळी ओळ होती आणि तिच्यापुढे २० लिहिलं होतं. उजवा हात की डावा, याने काही फरक पडत नव्हता. मी ती ओळ तीनदा वाचली.

शीटने आकडा दिला : १,७६,८०३. मी प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली.

त्यांचा पहिला प्रश्न, "हॉस्पिटलचं बिल यातून वजा केलंस ना?"

केलं नव्हतं. वजा करायला हवं की काय, या शंकेने मी कायदा काढून बसले, आणि तिथेच माझी चूक सापडली. मला सापडली म्हणणं खोटं होईल. बिलाचं विचारायला आमच्या लेबर कन्सल्टंटना फोन लावला, त्यांनी माझ्याकडून आकडेमोड वाचून घेतली आणि म्हणाले, "हे आठ हजार कुठून आणलेत?"

पगार कितीही असो, हिशोबाला धरायची कमाल रक्कम सरकार ठरवतं. ती २०१०पासून ८,००० होती. ३ जानेवारी २०२०च्या अधिसूचनेने १५,००० झाली. शीटच्या एका लपवलेल्या कॉलममध्ये अजून ८,०००च बसले होते. मामांचे निम्मे पैसे त्या एका सेलमध्ये अडकले होते आणि मी विश्वासाने प्रिंट काढली होती. कानशिलं तापली.

पुन्हा केलं, या वेळी वहीवर. १५,०००चे ६० टक्के म्हणजे ९,०००. चाळीस वर्षं पूर्ण, म्हणून गुणक १८४.१७. गुणाकार १६,५७,५३०. त्याचे २० टक्के ३,३१,५०६.

बिलाचं उत्तरही मिळालं होतं. मालकाने भरपाईपोटी आधी काही दिलं असेल तर ते वजा होतं, उपचाराचा खर्च मात्र होत नाही. तो मालकाने वेगळा सोसायचा. साहेब बराच वेळ गप्प बसले. मग मी पैसे द्यायची महिन्याची मुदत आणि नंतरचं १२ टक्के व्याज सांगितलं. व्याजाचं नाव काढल्यावर सही लवकर झाली.

घरी जाताना दुसरं गणित मांडू नये ते मांडलं. मामा ईएसआयमध्ये असते तर रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्क्यांचे २० टक्के हयातभर मिळाले असते, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्या वर. एकरकमी मिळालेले पैसे त्या दराने साडेसात वर्षांत संपतात. हे मी मामांना आजवर सांगितलेलं नाही.

करारनाम्याचा मसुदा कामगार न्यायालयात नोंदवायचा होता. त्याआधी मामांना बोलावून वाचून दाखवला. पेन अंगठा आणि अनामिकेत धरून ते सहीचा सराव करत होते, बँकेतली सही जुळेना म्हणून. जन्मतारीख आली, १ जून १९८१.

"ती गुरुजींनी लावलेली," मामा म्हणाले. "आई म्हणायची, दत्तजयंतीच्या आदल्या रात्रीचा जन्म."

माझा हात थांबला. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, त्या वर्षी डिसेंबरात. अपघात नोव्हेंबरातला. म्हणजे खरं वय एकोणचाळीस, गुणक १८६.९०. कागदोपत्री पुरावा काहीच नव्हता. आधार, दाखला, पीएफ, सगळीकडे एक जून. तरी राहवलं नाही. फरक काढून त्यांना सांगितला : ४,९१४ रुपये.

मामांनी हिशोब मनात घोळवला. मग हसले.

"जाऊ द्या मॅडम. त्या एक जूनमुळेच मला पहिलीत घेतलं. नाहीतर ते वर्ष शेरडांमागेच गेलं असतं."

आणि पुन्हा सही गिरवू लागले.