आजोबांचं चूर्ण, आमची हळद

सांगलीच्या गावभागात आजोबांची वैद्यकी होती. त्यांचं पाचक चूर्ण घेऊन गेलेला माणूस पुढच्या खेपेला शेजाऱ्यासाठीही पुडी न्यायचा. २००९ साली जर्मनीतल्या एका आयातदाराने त्याची चौकशी केली आणि मी हरखूनच गेलो.

मग कायदा वाचायला बसलो. २००४ च्या निर्देशाने युरोपीय संघाने पारंपरिक वनौषधींसाठी सोपी नोंदणी ठेवली आहे. रुग्णांवरच्या नव्या चाचण्या लागत नाहीत. पण ३० वर्षांच्या वापराचा पुरावा लागतो, आणि त्यातली किमान १५ वर्षं संघातली हवीत. आजोबांच्या वह्यांत साठ वर्षांच्या नोंदी होत्या, सगळ्या सांगली-मिरजेच्या! त्यात चूर्णात शंखभस्म. तिथे मुख्य औषध वनस्पतीचंच असावं लागतं. अर्जदारही संघातलाच हवा. तिथे आधीपासून विकल्या जाणाऱ्या औषधांना नोंदणीसाठी दिलेली मुदत ३० एप्रिल २०११ ला संपली, त्याच्या आधीच आयातदाराचे फोन थांबले होते. मला ते फार लागलं. बाबांना सांगायलाच दोन दिवस गेले.

बाबा म्हणाले, "आपलं चालत नाही, तर त्यांच्याकडं काय चालतं ते बघ की."

युरोपीय औषध संस्थेची वनौषधी समिती एकेका वनस्पतीचा मोनोग्राफ, म्हणजे तिच्या औषधी वापराची अधिकृत टिपणी, काढते. हळदीचा काढून वाचला. पोट जड होणं, मंद पचन, गॅस, या तक्रारींसाठी तिचा पारंपरिक वापर मान्य आहे. म्हणजे तिची १५ वर्षं तिकडे केव्हाच भरली होती. आणि आमच्या दारावरून रोज हळदीची पोती जात होती. औषध तिकडचे कारखाने करतील, कच्चा माल आपण द्यायचा, असं ठरलं.

पहिला माल नमुन्यातच नापास झाला. औषधी वनस्पतींत शिसं किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आमच्यात तिप्पट निघालं. मागोवा घेतला तेव्हा कळलं, हळकुंडं जिथे पॉलिशला दिली होती तिथे ड्रममध्ये रंग टाकला होता. लेड क्रोमेट. रंग उठून दिसावा म्हणून लोकांच्या पोटात शिसं! त्या रात्री मला झोप आली नाही. हाच माल इथल्या कुणाच्या तरी भाजीत पडला असता, आणि इथे तो कुणी तपासलाही नसता.

तेव्हापासून ड्रम आमचा, त्यात हळकुंडाशिवाय काही जात नाही. माल थेट शेतकऱ्यांकडून घेतो. हळद पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, ठेवण्याची सांगलीची जुनी रीत मला प्रिय आहे, पण बुरशीची जोखीम नको म्हणून औषधी माल कोरड्या गोदामातच राहतो.

चूर्ण आजही करतो, सांगलीपुरतं.

शिजवणीच्या आधी प्रत्येक शेतकऱ्याला वही देतो. गट नंबर, फवारणी, काढणी, शिजवल्याची तारीख, वाळवण कुठे केलं. वही कोरी असली तर माल परत जातो. गेल्या वर्षी माझ्या सख्ख्या मामांचा गेला.