चीजचा तुकडा आणि माझा शाकाहार

गेल्या मंगळवारी आमच्या कार्यालयाच्या उपाहारगृहात प्रत्येक पदार्थापुढे एक नवी पाटी लागली. पदार्थाचे नाव, किंमत आणि त्याखाली तो पदार्थ शेतापासून ताटापर्यंत येताना किती हरितगृह वायू हवेत गेले, याचा आकडा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला येऊन मला चार वर्षे झाली, पण इथले दुपारचे जेवण म्हणजे पावाच्या दोन कापांमधले चीज, हे मी पहिल्या आठवड्यातच स्वीकारले होते. त्याच सवयीने मी चीजचा पाव उचलला, माझ्या डच सहकारी मैत्रिणीने चिकनचा उचलला, आणि तिच्या पाटीवरचा आकडा माझ्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा लहान निघाला.

नाशिकच्या पंचवटीतल्या ज्या घरात चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा शिजत नाही, त्या घरातून मी आले आहे. पर्यावरणाची चर्चा निघाली की आपण जन्मापासूनच योग्य बाजूला आहोत, अशी माझी पक्की समजूत होती आणि ती मी इथे अनेकांना ऐकवलीही होती. त्यामुळे तो आकडा मला लागला. ती मैत्रीण काहीच बोलली नाही, हेही लागले.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या दोन संशोधकांनी २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ११९ देशांतील सुमारे ३८ हजार शेतांची माहिती एकत्र करून मांडली आहे. माणसामुळे होणाऱ्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनापैकी साधारण २६ टक्के वाटा अन्नाचा आहे, आणि जगातल्या शेतजमिनीपैकी ८३ टक्के जमीन मांस, दूध, अंडी यांच्यासाठी वापरली जात असूनही त्यातून माणसाला मिळणारे उष्मांक फक्त १८ टक्के आहेत. गोमांसाचा आकडा सगळ्यांच्या कितीतरी वर आहे, हे अपेक्षितच होते. मात्र एक किलो चीजमागे सरासरी सुमारे २४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते आणि एक किलो कोंबडीमागे सुमारे १०, हे मला अपेक्षित नव्हते. कारण अगदी साधे आहे. गाय रवंथ करते, रवंथ करताना तिच्या पोटात मिथेन तयार होतो, तो ढेकरांवाटे बाहेर पडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७-२८ पट अधिक उष्णता धरून ठेवतो. एक किलो चीजला साधारण १० लिटर दूध लागते. म्हणजे त्या १० लिटरमागचे सगळे ओझे त्या एका किलोवर येते. पनीरला पाच-सहा लिटर लागते. कोंबडी रवंथ करत नाही.

दुसऱ्या दिवशी मीच तो विषय काढला, आणि मान्य करते की बचावासाठीच काढला. आमच्याकडची गाय ब्राझीलहून बोटीने आलेल्या सोयाबीनवर पोसलेली नसते. ती कडबा खाते, भुसा खाते, माणसाला खाता न येणारे खाते, असे मी मैत्रिणीला सांगितले. हे खरेच आहे. पण तिने शांतपणे विचारले की ती गाय दूध किती देते. आपली गाय इथल्या गायीच्या तुलनेत फारच कमी दूध देते, आणि ढेकर मात्र ती रोज देतेच, त्यामुळे लिटरमागचे उत्सर्जन दक्षिण आशियात पश्चिम युरोपापेक्षा जास्त भरते. मला हा हिशेब आजही अपुरा वाटतो, कारण निफाड-सिन्नरकडच्या शेतकऱ्याच्या दावणीचे जनावर नुसते दुधासाठी नसते. त्याचे शेण शेतात जाते, गोऱ्हा औताला जुंपला जातो आणि अडीनडीला तेच विकून पोरीची फी भरली जाते.

शिवाय ज्या देशाने शेणातल्या अमोनियाने स्वतःची कुरणे आणि जंगले नायट्रोजनने भरून टाकली, आणि २०१९ साली न्यायालयाने नायट्रोजन वाढवणाऱ्या कामांचे परवाने अडवल्यावर ज्याचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन सरकार जिथे बसते त्या हेगच्या रस्त्यांवर उतरले, त्या देशाने आम्हाला शिकवावे का, असेही मनात आले. तरी याच देशातल्या हार्लेम शहराने सार्वजनिक जागांवर मांसाच्या जाहिराती लावायला बंदी केली, याचे मला मनापासून कौतुक आहे.

एका बाबतीत मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. मार्चमध्ये इथल्या दुकानात आपली द्राक्षे येतात, आणि ‘इतक्या लांबून’ असे म्हणून लोक तोंड वाकडे करतात. द्राक्षे विमानाने येत नाहीत. दिंडोरी-पिंपळगावची पेटी शीतगृहातून न्हावा शेवा बंदरात जाते आणि जहाजाने रॉटरडॅमला उतरते; एक टन माल एक किलोमीटर नेताना जहाजाचे उत्सर्जन विमानाच्या सुमारे पन्नासावा भाग असते. अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम सहा टक्के आहे. अन्न कुठून आले यापेक्षा ते काय आहे, याने फार मोठा फरक पडतो. शेजारच्या कुरणातले चीज ‘स्थानिक’ म्हणून हलके होत नाही.

याच कारणाने मला गेल्या दिवाळीची एक गोष्ट फार खटकते आहे. गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो, तर शेजारच्या टेबलावर तर्रीवर किसलेल्या चीजचा जाड थर असलेली मिसळ आली. जो पदार्थ जगाने आपल्याकडून घ्यावा, त्याच्यावर आपण चीज किसतो आहोत! मटकी कमी पाण्यात येते, तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, आणि शंभर ग्रॅम प्रथिनांमागे कडधान्यांचे उत्सर्जन एक किलोच्या आत राहते, तर चीजचे ११ किलोच्या आसपास जाते. इथे सरकारी आहारसल्ल्यातून लोकांना मांस कमी करा आणि डाळी-कडधान्ये खा असे सांगितले जाते. आपल्याकडे ज्या घरात नागलीची भाकरी आणि हुलग्याचे पिठले होते, त्या घरातल्या लग्नात आता पनीरच्या तीन भाज्या असतात. गरिबीतून वर आलेल्या माणसाला पनीर खाऊ नको म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. पण त्या वर येण्यात हुलगा कमीपणाचा का ठरला, हे मला कळत नाही.

शुक्रवारी मी डब्यात मटकीची उसळ नेली. मैत्रिणीने दोनदा वाढून घेतली आणि मोड कसे आणतात ते विचारले. तिला मी भारतीय दुकानातून अर्धा किलो मटकी आणून दिली. नाशिकला मार्चमध्ये एका रात्रीत येणारे मोड इथे दोन रात्री घेतात, म्हणून फडक्यात बांधलेली पुरचुंडी हीटरजवळच्या फळीवर ठेवायला सांगितले. काल तिचा फोटो आला: फडक्यातून बाहेर डोकावणारे बोटभर पांढरे मोड. सोमवारी उसळ ती आणणार आहे आणि पाव मी. दह्याची वाटी मात्र मी नेणार आहे; चीज सुटले, पण मिसळीवरचे दही अजून सुटलेले नाही.