टाकीतली बोटभर नळी

तिसऱ्या सिलिंडरचा प्लग उजेडात धरला आणि मी डायनोवाल्याला हातानेच थांब म्हणालो. गाडी डायनोच्या, म्हणजे जागच्या जागी पळवून ताकद मोजायच्या यंत्राच्या, रोलरवर चढली होती, पट्टे आवळून झाले होते, पंखा समोर लावला होता. पण डायनोवर रेस द्यायच्या आधी चारही प्लग काढून बघायचे, हा माझा नेम आहे, आणि त्या दिवशी त्या नेमाने एक इंजिन वाचवलं.

प्लगच्या टोकाशी जी पांढरी चिनीमाती असते तिच्यावर मोहरीहून बारीक ठिपके होते. काही काळे, काही चंदेरी. माझ्या हेल्परला वाटलं काजळी आहे, त्याने नखाने खरवडून बघितलं. निघेना. त्याला भिंग दिलं. "हे पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे," मी म्हणालो. इंजिन नॉक होतं तेव्हा ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण आपोआप भडकतं, पिस्टनच्या डोक्यावर हातोडी मारल्यासारखा धक्का बसतो, आणि वितळलेल्या धातूचे कण उडून प्लगला चिकटतात. बाकीच्या तीन प्लगांवर एकही ठिपका नव्हता, फक्त रंग नको तितका पांढरा.

गाडी २००५ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, एका सिलिंडरला पाच असे वीस व्हॉल्व, कंपनीतून निघताना १५० अश्वशक्ती. चिंचवडच्या एका तरुणाकडे ती वडिलांकडून आली होती. वडिलांनी ती इतकी जपली होती की सर्व्हिसची पहिल्यापासूनची बिलं फाइलला लावलेली. मुलाने वर्षभरापूर्वी एका गॅरेजात मूळचा के०३ टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) उतरवून त्याहून मोठा के०४ चढवून घेतला. महिनाभर गाडी सुसाट पळाली, मग ५,००० आरपीएमच्या वर अडखळायला लागली. "पिकअप एकदम बसतो काका, आणि झटके मारते." त्या गॅरेजने टर्बो गेला म्हणून सांगितलं, दुसरा बसवला. फरक नाही. मग शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल टाका म्हणाले. तेही त्याने महिनाभर टाकलं. ऑक्टेनने नॉकला थोडा आळा बसतो, पण पेट्रोल जर कमीच पोचत असेल तर ते त्याने वाढत नाही. माझ्या मते पिस्टनला भोक पडलं नाही ते त्या महिन्यामुळे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ती काम घ्यायच्या आधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि असा बदल लपवून ठेवला तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते. या पोरालाही ते सांगितलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून पाइप सरळ करायचं काम मी करत नाही, कितीही पैसे दिले तरी.

आता हिशोब. टर्बो मोठा केला म्हणजे हवा जास्त आली. हवा जास्त आली की त्या मानाने पेट्रोलही जास्त लागतं, आणि समजा २२० अश्वशक्ती काढायची तर पूर्ण भारावर ताशी साधारण ७५ लिटर पेट्रोल लागतं. या गाडीचे मूळ इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, ३ बार दाबाला मिनिटाला ३१५ सीसीच्या आसपास देतात. चार मिळून ताशी ७५ लिटर, पण तेही एक क्षणही बंद न होता सतत उघडे राहिले तर. प्रत्यक्षात ८५ टक्क्यांच्या पुढे त्यांना ताणू नये. त्या गॅरेजने इंजेक्टर तेच ठेवून ३ बारचा रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व) बदलून ४ बारचा लावला होता. दाब ३ वरून ४ झाला तर पेट्रोल तिसऱ्या हिश्शाने वाढत नाही, वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतं, म्हणजे १५ टक्के. ताशी ८७ लिटर, त्याचे ८५ टक्के पुन्हा ७४-७५च्या आसपास. कागदावर अगदी काठोकाठ. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या थोडी वर. म्हणजे तेवढ्याच हवेला ७-८ टक्के इंधन जास्त ओतायला हवं. तिथे तो काठही संपला.

एवढ्याने गाडी थोडी लीन झाली असती, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं असतं, पिस्टनचे कण उडेपर्यंत मजल गेली नसती. म्हणून आणखी काहीतरी होतं.

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, बघितलं. साडेअकरा, ११.६, तिसऱ्यात ११, चौथ्यात साडेअकरा बार. मग प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला. तिसऱ्या पिस्टनच्या कडेला, एक्झॉस्टच्या बाजूला, सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले. पोरगा स्क्रीनकडे बघत राहिला. "इंजिन उघडायचं का काका?" मी म्हटलं आज नाही, पण आज या इंजिनावर एकही आंधळी रेस होणार नाही.

नवे प्लग घातले, गॅप ०.७ मिलिमीटर. इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या फ्युएल रेलवर दाबाचं गेज बसवलं आणि त्याची लांब नळी वायपरपाशी आणून काचेबाहेर चिकटवली, म्हणजे गाडीत बसून काटा दिसेल. एक्झॉस्टच्या डाउनपाइपमध्ये वाइडबँड लॅम्डा सेन्सर, तो हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगतो; आकडा १कडे चढला की पेट्रोल कमी पडतंय. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, पहिल्यांदा ०.६ बारवर उतरवलं. रेग्युलेटर चार बारचा आणि त्याला इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डची नळी जोडलेली, त्यामुळे जितकं बूस्ट तितका रेलमधला दाब वाढला पाहिजे. ०.६ ला ४.६. काटा ४.६ वर जाऊन उभा राहिला, लॅम्डा ०.८२. उत्तम.

०.९ केलं. आता ४.९ दिसायला हवं होतं. काटा ४.७ ला पोचला, थरथरला, आणि इंजिनची रेस वर जात असताना तो खाली यायला लागला. ४.५. ४.३. लॅम्डा ०.८४ वरून ०.९३. ४,८०० आरपीएमला मी पाय उचलला. डायनोवाला म्हणाला अजून ७०० बाकी होते, ग्राफ पूर्ण झाला असता. मला ग्राफ नको होता.

माझा पहिला संशय वायरिंगवर. त्यांनी ताशी २५५ लिटरचा पंप घातला होता आणि असा पंप मूळ पंपापेक्षा करंट जास्त ओढतो. वीस वर्षांच्या बारीक वायरीतून पंपापर्यंत साडेदहा-अकरा व्होल्टच पोचतात, पंप मंदावतो, आणि लोक दुसरा पंप आणतात. या आजाराच्या कितीतरी गाड्या मी बघितल्यात, म्हणून मनात रिले आणि जाड वायर काढूनही ठेवली होती. मागची सीट उचलली, पंपाच्या कनेक्टरला मागून पिना लावून मीटर जोडला. बॅटरीला १३.४, पंपाला १२.९. वायरिंग निर्दोष. मी चुकलो होतो. फिल्टर नवाच होता, तरी काढून पालथा केला, फुंकून बघितला. मोकळा.

मग इंजिन आयडलवर ठेवून रेग्युलेटरकडून टाकीकडे परत जाणारी रबरी नळी चिमट्याने हळूहळू दाबली. परतीची वाट बंद झाली की पंपाला सगळा दाब रेलवर टाकावा लागतो. धडधाकट पंप क्षणात ६ बारच्या पुढे जातो, म्हणून ही तपासणी दोन-तीन सेकंदांच्या वर करायची नाही. काटा ४.८ वर अडला. चिमटा पूर्ण आवळला तरी ४.८. बाहेर कुठे थेंब नाही, वास नाही. आणि सीटखालून, टाकीच्या झाकणाला कान लावल्यावर, एक बारीक सुस्स असा आवाज. चिमटा सोडला की बंद.

पेट्रोल टाकीतल्या टाकीतच गळत होतं.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, दोन्ही शटर वर केली, मोबाइल सगळ्यांचे बाहेरच्या टेबलावर, फायर एक्स्टिंग्विशर हेल्परच्या हातात. आधी रेलमधला दाब उतरवला. टाकीची मोठी प्लास्टिकची रिंग फिरवून पंपाचा सांगाडा तिरका करत वर काढला. पंपापासून वरच्या झाकणापर्यंत जाणारी नळी बोटभर लांबीची. मूळ जागी काय होतं कोण जाणे, पण नवा पंप बसवताना तिथे साध्या फ्युएल होजचा तुकडा घातला होता. तो काळा राहिला नव्हता, राखाडी आणि मऊ झाला होता. अंगठ्याने दाबला तर बाहेरचं रबर शेवाळ्यासारखं बोटाला लागलं.

लोकांना हे पटत नाही, पण इंजिनाजवळ लागणारी चांगल्यातली चांगली फ्युएल होजही टाकीत चालत नाही. तिचं फक्त आतलं अस्तर पेट्रोलसाठी असतं, बाहेरचं रबर उन्हा-ऑइलसाठी. टाकीत ती आतबाहेरून चोवीस तास पेट्रोलमध्ये बुडालेली, वर इथेनॉल. बाहेरून फुगते, जाळी सुटते. वरून तिला आवळलेली क्लिप स्क्रूची, खाचा पाडलेल्या पट्टीची. त्या पट्टीच्या कडेने रबर कापलं होतं. नळी वाकवली तर क्लिपच्या खालून एक चीर उघडली, तांदळाच्या दाण्याएवढी. सोडली की मिटली. तिला तोंडानेच हवा भरली, एक बुडबुडा नाही. ४.७ बारला मात्र ती ओठांसारखी उघडत होती. जितकं बूस्ट जास्त तितकी रेलमधल्या दाबाची गरज जास्त, आणि नेमकी तेव्हाच ही चीर उघडणार. गाडी गावात, सिग्नलला, हायवेवर निवांत चालताना काहीच कळणार नाही.

पोराने ती नळी हातात घेतली आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दोन टर्बो घेतले मी."

मला त्या गॅरेजचा राग आला तो या वाक्याने. पंप महाग घेतला, टर्बो महाग घेतला, आणि या दोघांच्या मधला बोटभर तुकडा कपाटात पडलेल्या होजमधून कापला. टाकीत बुडवून वापरायची होज वेगळी मिळते, साध्याच्या कितीतरी पट महाग, फूटभर घेतली तरी दोन गाड्या होतात. माझ्याकडे ती होती. कापली, गोल आवळणाऱ्या, कडा आत न रुतणाऱ्या क्लिपा लावल्या, सांगाडा बसवला, रिंगचं रबर नवं घातलं. पुन्हा चिमट्याची तपासणी. काटा ६ पार करून साडेसहाकडे निघाला तशी मी नळी सोडली.

दुपार टळली होती. ०.९ बारची रेस घेतली, काटा ४.९ वर, शेवटपर्यंत हलला नाही. लॅम्डा ०.८१. हेडफोनने ब्लॉकचा आवाज ऐकत होतो, कुठेही खडखड नाही. मग १.० बार, ५.० चा काटा. पोरगा म्हणाला आता १.२ करा. मी नाही म्हणालो. इंजेक्टर अजून जुनेच होते, वर काढलेल्या हिशोबाप्रमाणे १.२ ला ते नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले असते. माझ्या डिक्कीत ३८० सीसीचा संच पडलेला होता, तरी त्या दिवशी लावला नाही. इंजेक्टर बदलले की इसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, मॅप (किती पेट्रोल कधी द्यायचं याचा तक्ता) बदलतो, आणि एका दिवशी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं हे कळत नाही. बूस्ट १.० ला बंद करून गाडी त्याच्या हवाली केली. जाताना त्याने वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्यांनी मला एकच विचारलं, "तिसऱ्या पिस्टनचं काय?"

मी म्हणालो, १,००० किलोमीटर चालवा आणि गाडी आणा, मग सांगतो.

इंजेक्टर आणि मॅप पंधरा दिवसांनी झाले. मॅप करताना खालच्या रेसला टॉर्क मुद्दाम रोखून धरायला सांगितला, या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड बारीक आहेत, ४०० न्यूटनमीटरच्या आसपास ते वाकतात असा आमच्या धंद्यातल्या लोकांचा अनुभव आहे. नंतर १,०४० किलोमीटरला बापलेक दोघंही आले. प्लग मी काढले नाहीत, पाना वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तिसरा प्लग काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंग मागितलं. चिनीमाती फिकट बदामी, ठिपका एकही नाही. कॉम्प्रेशन तिसऱ्यात अजूनही ११. त्यांनी तो आकडा आपल्या हाताने फाइलमध्ये लिहिला, तारीख घातली, आणि खाली ती जुनी नळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाचून ठेवली.