गार पाय, गरम पाय

आठ वर्षांची मुलगी, वजन २० किलो, मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवरची. पावसाआधी कडब्याची गंज हलवायचं काम चालू होतं, पेंढी उचलताना उजव्या हाताच्या बोटाला विंचू चावला. वेळ दिवेलागणीची. सोलापुरात आमच्या आयसीयूत पोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजले. मधल्या वेळात बोटाला चुना लावून झाला होता, वाटेवरच्या एका दवाखान्यात डेक्साचं (स्टेरॉइडचं) इंजेक्शन आणि जवळपास ४०० मिली आरएल (शिरेतून द्यायचं सलाइनसारखं फ्लुइड) देऊन झालं होतं. सोबतच्या आजीचं पहिलं वाक्य होतं, "आधी लई बोंबलत हुती ओ सिस्टर, आता गप पडलीया. इख उतरलं म्हनायचं का?"

उतरलं नव्हतं, चढलं होतं. मोठा काळा विंचू चावलेला माणूस ठणक्यानं ओरडत येतो, बोट सुजलेलं असतं, आणि बहुतेक वेळा बोटाला भूल दिली की काही तासांत घरी जातो. छोटा तांबूस, म्हणजे लाल विंचू चावलेला रुग्ण अनेकदा दंशाच्या जागेबद्दल फारशी तक्रार करत नाही. तो घामानं निथळतो, ओकतो, आणि त्याचे हातपाय गार पडतात. या मुलीचे पाय गुडघ्यापर्यंत आणि हात कोपरापर्यंत गार होते, बाहेर मे महिन्याचा उकाडा असताना. नाडी १५८, रक्तदाब १२८/९४, श्वास मिनिटाला ४८, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ८६. नख दाबून सोडलं तर रंग परतायला ५ सेकंद लागत होते. साखर २३८. दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी बुडबुड्यांचे आवाज, आणि खोकल्यासोबत किंचित गुलाबी फेस.

हे सगळं एकाच गोष्टीतून येतं. विंचवाचं विष मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्या उघड्याच धरून ठेवतं, त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्थेची दोन्ही अंगं एकदम पेटतात. सुरुवातीला अ‍ॅसिटिलकोलीनचा जोर दिसतो: उलट्या, लाळ, घाम, पुरुषांत लिंगाची वेदनादायक ताठरता. हे शेवटचं लक्षण नातेवाईक संकोचानं सांगत नाहीत, चादर बाजूला करून आपणच बघावं लागतं. त्यामागोमाग अ‍ॅड्रेनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा लोंढा येतो. अल्फा-१ रिसेप्टरमुळे (पेशीवरची, हा संदेश झेलणारी जागा) हातापायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात, इन्सुलिन दबतं म्हणून साखर वाढते, आणि हृदय आवळलेल्या नळ्यांविरुद्ध धडपडत राहतं. विहिरीवरची मोटर चालू ठेवून पुढचा कॉक बंद करावा, तसं. डावी जवनिका (रक्त शरीरात ढकलणारा हृदयाचा कप्पा) थकते, मागे डाव्या अलिंदात (तिच्या आधीच्या कप्प्यात) दाब साठतो. फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत रक्तातली प्रथिनं पाणी धरून ठेवतात ते साधारण २५ मिमी दाबापर्यंत, त्यापुढे पाणी वायुकोशांत झिरपू लागतं. गुलाबी फेस तो हाच.

आणि म्हणूनच ते ४०० मिली आरएल नडलं. उलट्या-घामानं मूल सुकलेलं दिसतं, पाय गार लागतात, मग "शॉक आहे, फ्लुइड द्या" असं वाटणं साहजिक आहे. पण हा रिकाम्या टाकीचा शॉक नव्हता. रक्तदाबाचा आकडाही इथे फसवतो: पंप थकत जातो तसा १२८ चा १०० होतो, मॉनिटर हिरवा दिसतो, आणि रुग्ण प्रत्यक्षात खालावत असतो. विंचवाच्या रुग्णात मॉनिटरइतकाच माझा भरवसा तळहाताच्या मागच्या बाजूवर असतो. दर १५ मिनिटांनी पायाला हात लावायचा आणि गारवा घोट्यापर्यंत, नडगीपर्यंत की गुडघ्यापर्यंत, ते चार्टवर लिहायचं. "पेरिफेरीज कोल्ड" एवढंच लिहिलं तर पुढच्या शिफ्टला काही कळत नाही.

यावरचं औषध महाराष्ट्राचंच म्हणायला हरकत नाही. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिन अल्फा-१ अडवतं, म्हणजे बंद कॉक उघडतं. डोस किलोला ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे, आणि हातपाय कोरडे व उबदार होईपर्यंत दर ३ तासांनी पुन्हा. २० किलोला ६०० मायक्रोग्रॅम. गोळी मिळते १ मिलिग्रॅमची, तेव्हा ती कुटून १० मिली पाण्यात मिसळायची आणि त्यातलं ६ मिली द्यायचं. हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं. सिरिंजमध्ये ओढण्याआधी हलवलं नाही तर मुलाला नुसतं पाणी जातं आणि औषध वाटीत राहतं. दुसरा धोका मेडिकलवाल्याकडून येतो. प्राझोसिन मागितलं की तो बहुतेक वेळा हळूहळू सुटणारी, ब्लडप्रेशरच्या पेशंटची एक्सएल गोळी देतो. ती कुटायची नसते, आणि अख्खी दिली तर इथे उपयोगाची नसते. साधी १ मिलिग्रॅमची पट्टी इमर्जन्सी ट्रेमध्येच असली पाहिजे.

मुलगी ओकत होती म्हणून नाकातून पोटात रायल्स ट्यूब टाकली, आधी पोट रिकामं केलं, मग ६ मिली औषध आणि मागून थोडं पाणी, आणि अर्धा तास ट्यूब बंद. वेळ १०:४५. ऑक्सिजन हाय-फ्लोवर. फुफ्फुसांतल्या पाण्यासाठी फ्रुसेमाइड २० मिलिग्रॅम, एकदाच. बेडवरच केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांच्या आसपास दिसलं, म्हणून हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन. त्याचं गणित सोपं आहे: वजनाच्या तिप्पट मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅम, ५० मिलीत केलं की पंपावरचा तासाला १ मिली म्हणजे किलोला मिनिटाला १ मायक्रोग्रॅम. ५ वर सुरू केलं. फक्त अँप्यूलवरचं लेबल वाचायचं, कारण २५० मिलिग्रॅम ५ मिलीतही येतं आणि २० मिलीतही.

अ‍ॅट्रोपिन ट्रेमधून बाहेर काढलंच नाही. लाळ-घाम बघून हात तिकडे जातो, पण ते दिलं की नाडी आणि रक्तदाब आणखी उसळतात. बीटा ब्लॉकरही नाही. बीटा (हृदयाला वेग देणारे, रक्तवाहिन्या सैलावणारे रिसेप्टर) अडवलं की अल्फाला मोकळं रान मिळतं.

तोवर स्टोअरमधून विंचवाची लस, म्हणजे विषावरचं प्रतिविष आलं. घोड्याच्या रक्तातून बनवलेली, भुकटीच्या रूपातली, प्रत्येक कुपीत १० मिली डिस्टिल्ड वॉटर. कुपी गोल फिरवत विरघळवायची. खळखळ हलवली की फेस होतो आणि फेसातलं औषध वाया जातं. तीन कुप्या १०० मिली सलाइनमध्ये, अर्ध्या तासात, सुरुवात हळू. कातडीखाली टेस्ट डोस आम्ही करत नाही. त्या टेस्टवरून प्रतिक्रिया येणार की नाही हे कळत नाही, आणि वेळ मात्र जातो.

११:३० ला लस सुरू झाली. दहाएक मिनिटांनी पायाला हात लावला तर पाय गरम. याच क्षणाची तर वाट बघत होतो. बेडजवळच्या ज्युनिअर सिस्टर म्हणाल्या, "ताई, प्राझोसिन लागू पडलं की." वेळही जुळत होती, पहिल्या डोसला तास होत आला होता.

पण बाकीचं जुळत नव्हतं. प्राझोसिननं पाय गरम होतात तेव्हा नाडी हळूहळू खाली येते, घाम सुकतो, श्वास सैलावतो. इथे नाडी १४२ वरून १७० वर गेली होती, खालचा रक्तदाब ३६ झाला होता, वरचा ७६. पाय नुसते उबदार नव्हते, लालसर होते. मुलगी मान खाजवत होती. फ्रॉक वर केला तर पोटावर गांधी उठलेल्या. छातीत आता तळाच्या बुडबुड्यांवर शिट्टीसारखा आवाज, दोन्ही बाजूंना, श्वास सोडताना.

लसीची प्रतिक्रिया. घोड्याची प्रथिनं शरीरात गेली की मास्ट पेशी फुटून हिस्टामिन सुटतं, रक्तवाहिन्या सैलावतात, झिरपू लागतात, श्वासनलिका आवळतात. यासाठी आधी कधी लस घेतलेली असावी लागते असं नाही. अ‍ॅलर्जीच्या आयजीई प्रतिपिंडांशिवायही, कॉम्प्लिमेंट नावाच्या रक्तातल्या प्रथिनांच्या वाटेनं, पहिल्याच वेळी हे होऊ शकतं. विंचवाच्या लसीची अशी प्रतिक्रिया सापाच्या लसीपेक्षा कमी बघायला मिळते, आणि त्याचं एक कारण असं मानतात की रुग्णाच्या रक्तात स्वतःचंच अ‍ॅड्रेनॅलिन आधी भरपूर असतं. विषानं उठवलेलं वादळ लसीच्या बाबतीत ढाल बनतं. आमच्या रुग्णात वादळ ओसरायला पाच तास मिळाले होते, आणि उरलेल्या अ‍ॅड्रेनॅलिनचा अल्फाचा दरवाजा आम्हीच प्राझोसिननं लावून घेतला होता.

लस थांबवली. सेट बदलला, कारण जुन्या सेटच्या नळीत आणखी काही मिली लस उरलेली असते आणि "बंद केलं" म्हणत आपण तीच ढकलतो. शिरेतला इंट्राकॅथ तसाच ठेवला. अ‍ॅड्रेनॅलिन भरून डॉक्टरांकडे बघितलं, आणि आम्ही दोघंही क्षणभर थांबलो, कारण इथेच पेच आहे. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तदाब वाढवतं ते अल्फातून. अल्फा अडवलेला असेल तर त्याचा बीटा-२ चा परिणाम तेवढा उरतो, स्नायूंतल्या रक्तवाहिन्या आणखी उघडतात, आणि रक्तदाब वर जायच्या ऐवजी खाली जाऊ शकतो. शिवाय आधीच अ‍ॅड्रेनॅलिननं भाजलेलं हृदय.

डॉक्टर म्हणाले, "द्या सिस्टर. मांडीत, ०.२." कारणही त्यांनी तिथेच सांगितलं: श्वासनलिका उघडणं आणि मास्ट पेशींना आवरणं हे दोन्ही बीटा-२ ची कामं आहेत, ती प्राझोसिन अडवत नाही. आणि ६०० मायक्रोग्रॅमनं अल्फा शंभर टक्के बंद झालेला नसतो. रक्तदाब पडला तर त्याचं वेगळं बघू, पण अशा जीवघेण्या अ‍ॅलर्जीत, म्हणजे अ‍ॅनाफायलॅक्सिसमध्ये अ‍ॅड्रेनॅलिन टाळायचं नाही.

किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम-१ मिली अँप्यूलमधलं ०.२ मिली. एवढं माप १ मिलीच्या ट्युबरक्युलिन सिरिंजवरच नीट दिसतं, पण तिची बारीक आखूड सुई स्नायूपर्यंत पोचेल याची खात्री नसते. औषध ओढून सुई बदलायची, २३ नंबरची लावायची, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर सरळ टोचायचं.

आता मुलीला ठेवायचं कसं? फुफ्फुसात पाणी असलेल्याला टेकवून बसवतात. अ‍ॅनाफायलॅक्सिसमध्ये आडवं करून पाय वर घेतात. प्राझोसिन घेतलेल्याला एकदम उठवलं तर रक्तदाब कोसळतो. आम्ही डोक्याकडची बाजू साधारण ३० अंशांवर ठेवली, पाय बेडवरच सरळ, खाली लोंबकळू दिले नाहीत, आणि आजीला सांगितलं, "आजी, काही झालं तरी हिला उचलून मांडीवर घ्यायचं नाही." फ्लुइडचंही तेच. एरवी किलोला १० ते २० मिली झटकन देतात. इथे १०० मिली, म्हणजे किलोला ५, पंधरा मिनिटांत, आणि दर काही मिनिटांनी स्टेथोस्कोप फुफ्फुसांच्या तळाशी. बुडबुडे वर चढले असते तर तिथेच थांबवणार होतो. चढले नाहीत.

पहिल्या दोन मिनिटांत वरचा रक्तदाब ७६ चा ७० झाला. कुणीच काही बोललं नाही. मग ७८, ८४. दहा मिनिटांत शिट्टीचा आवाज कमी झाला, अर्ध्या तासात गांधी विरू लागल्या. डोब्युटामिन चालूच होतं, ते ८ वर नेलं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची सिरिंज भरून ठेवली होती, लागली नाही. खाजेसाठी अ‍ॅव्हिल नंतर दिलं. ते गांधींना उपयोगी आहे, रक्तदाबाला नाही, म्हणून त्याचा नंबर अ‍ॅड्रेनॅलिननंतरच. उरलेली लस पुन्हा सुरू करायची नाही असं ठरलं. लसीचा फायदा जितका लवकर तितका जास्त असतो आणि तिथे आधीच बराच उशीर झाला होता.

प्राझोसिनचा दुसरा डोस पावणेदोनला होता. रक्तदाब ८८/५० होता, पाय पुन्हा घोट्यापर्यंत गार. डोस रोखला, डॉक्टरांना कळवलं, चार्टवर कारण लिहिलं. चार्टवर डोसला नुसतं गोल करून सोडलं तर सकाळची शिफ्ट "राहिला वाटतं" म्हणून दोन डोस एकत्र देऊ शकते. तीनच्या सुमारास ९८/६२ झाल्यावर दिला. या वेळी पाय गरम झाले ते हळूहळू, बोटांपर्यंत, कोरडे, आणि सोबत नाडी १२० खाली आली. असे गरम पाय हवे असतात.

पहाटे मुलगी बोट धरून रडायला लागली. आजी घाबरल्या. "सिस्टर, परत चढालंय की ओ!" त्यांना समजावलं की लाल विंचवाच्या रुग्णात दंशाच्या जागी दुखणं परत येणं हे बरं होत असल्याचं लक्षण धरतात. पॅरासिटामॉल दिलं. त्यांचा विश्वास बसला नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सातच्या सुमारास मुलीनं चहा मागितला, तेव्हा बसला.

डोब्युटामिन दुसऱ्या दिवशी हळूहळू उतरवून बंद केलं. एकदम बंद करायचं नसतं, तासाला १-१ नं कमी करत आणायचं आणि प्रत्येक पायरीला पाय बघायचे. ईसीजीतले बदल मागे राहिले होते, ते काही दिवस राहतात. डिस्चार्जच्या वेळच्या इकोत पंपिंग ५५ टक्के होतं. विषानं दमलेलं हृदय बहुतेक वेळा असं पूर्ण सावरतं, म्हणून ते पहिले २४ ते ४८ तास निभावून नेण्यावर सगळी मेहनत. दोन आठवड्यांनी पुन्हा इकोला यायला सांगितलं.

डिस्चार्ज कार्डावर आणखी दोन ओळी लाल शाईनं लिहिल्या. पहिली: घोड्याच्या रक्तातून बनवलेल्या लसीची तीव्र प्रतिक्रिया. पुढे कधी साप चावला तर ती लसही घोड्याचीच असते. ती नाकारायची नाही, पण अ‍ॅड्रेनॅलिन भरून ठेवूनच सुरू करायची. दुसरी: पुढच्या ५ ते १४ दिवसांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ किंवा गाठी आल्या तर परत यायचं. लसीची प्रथिनं आणि शरीरानं त्यांच्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं यांची जाळी रक्तवाहिन्यांत आणि सांध्यांत अडकते, त्यातून हे होतं. तिला लस थोडीच गेली होती, त्यामुळे शक्यता कमी. पण वस्तीवरचं मूल, जूनच्या तोंडावर ताप आला की डेंग्यू समजून दुसरीकडेच नेतील, म्हणून कार्ड आजीच्या पिशवीत नाही, मुलीच्या वडिलांच्या हातात दिलं आणि त्यांच्याकडून दोन्ही ओळी वाचून घेतल्या.