मीटरला दमा

आमच्या ठाण्याच्या घरात ओट्याच्या वर, खिडकीला लागून एक राखाडी डबा आहे. चौदा वर्षं झाली असतील तो तिथे आहे, आणि मी त्याच्याकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. पुसलाय बरं का, दर दिवाळीच्या आधी साबणाच्या फडक्याने पुसलाय, पण बघितला नव्हता. गॅसचं मीटर म्हणजे बघण्यासारखी गोष्ट आहे का? दोन महिन्यांनी बिल येतं, भरलं की विषय संपला.

सुरुवात झाली ती एका बुधवारी सकाळी पोळ्या करताना. तव्यावर पोळी, एक बाजू झालेली, उलटणार तेवढ्यात ज्योत बारीक झाली, मग मोठी झाली, मग परत बारीक, मला वाटलं वारा येतोय म्हणून खिडकी लावली तरी तेच. सासूबाई (आम्ही त्यांना आईच म्हणतो) मागे उभं राहून बघत होत्या, म्हणाल्या, "अगं, हा श्वास घेतल्यासारखा काय जळतोय?" आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत फुस्स करून विझला. दोन्ही बर्नर. कॉक बघितला तर चालूच होता. शेजारच्या काकूंना विचारलं तर त्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होतायत. म्हणजे बिल्डिंगचा गॅस आहे, आमचाच नाही. पाच-सात मिनिटांनी सहज लायटर मारून बघितला तर भक्कन पेटला, जसं काही झालंच नव्हतं!

हे पुढे अकरा दिवस चाललं.

आता गॅस जाणं या गोष्टीची आमच्या पिढीला सवय होती, पण ते जाणं वेगळं होतं. सिलेंडर संपायचा तो सांगून संपायचा. आधी भांड्यांची बुडं काळी व्हायला लागायची, मग ज्योत लाल, मग कोणीतरी सिलेंडर उचलून हलवून बघायचं, मग तो आडवा करून अजून दोन चहा काढायचे. कॅलेंडरवर पेन्सिलीने तारीख लिहिलेली असायची कधी लावला त्याची. आईंना तर तारखेचीही गरज नसायची, त्या ज्योतीकडे बघून सांगायच्या, "परवा दुपारपर्यंत चालेल." आणि चालायचा परवा दुपारपर्यंत. पाइपचा गॅस आला आणि हे सगळं ज्ञान बाद झालं. नंबर लावणं नाही, शेजारून सिलेंडर उसना आणणं नाही, सुट्टे पैसे हातात घेऊन दारात उभं राहणं नाही. मी तर जाम खूश होते. आई खूश होत्या असं आम्ही धरून चाललो होतो.

कंपनीला फोन केला. गळती असेल तर एक दाबा, इतर तक्रारींसाठी चार दाबा. मी चार दाबलं. पंधरा मिनिटं सनई ऐकल्यावर एक मुलगी आली, तिने विचारलं गॅसचा वास येतोय का, म्हटलं नाही, मग म्हणाली अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल. नवरा म्हणाला, वास येतोय म्हणून सांगायचं ना, धावत आले असते. तेवढ्यात आई आतून म्हणाल्या, "आणि त्याच वेळी खरंच कोणाकडे वास येत असेल तर?" विषय बंद.

माणूस आला. चांगला मुलगा होता, पाठीवर सॅक, हातात एक पारदर्शक वाकवलेली नळी. तिच्यात पाणी भरलं, एक टोक शेगडीच्या पाइपला जोडलं आणि पाणी किती चढतं ते बघितलं. म्हणाला प्रेशर बरोबर आहे, एकवीस मिलिबार. म्हणजे किती, असं चिरंजीवांनी विचारलं (दहावीत आहे, त्यामुळे अभ्यास सोडून सगळ्यात रस). तो म्हणाला, साधारण एकवीस सेंटिमीटर पाणी उचलेल एवढं. म्हणजे उसाचा रस स्ट्रॉने ओढायला आपण जेवढा जोर लावतो, जवळपास तेवढ्याच जोरावर आमच्या अख्ख्या घराचा स्वयंपाक चाललाय! मला उगाच वाटायचं की आत प्रचंड दाबाने काहीतरी सळसळत असतं.

तो होता तोवर गॅस अर्धा तास अखंड जळला. एक बर्नर, दोन बर्नर, बारीक, मोठा, काही म्हणजे काही नाही. शहाण्या मुलासारखा. त्याने रेग्युलेटर बदलला, साबणाचा फेस लावून सांधे बघितले, सही घेतली आणि गेला. लिफ्टचं दार वाजल्याचा आवाज आला आणि ज्योत बारीक झाली. खोटं सांगत नाही.

मग सुरू झाला जुगाड. नवऱ्याने माळ्यावरून इंडक्शन काढली, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कोणीतरी दिलेली, खोक्यासकट नवीन. इंडक्शनला ॲल्युमिनियम चालत नाही हे मला ऐकून माहीत होतं, पण आपल्या घरात ॲल्युमिनियमचं एवढं असतं हे माहीत नव्हतं. कुकर ॲल्युमिनियमचा, कढई ॲल्युमिनियमची, दुधाचं पातेलं तेच. चिरंजीव फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन फडताळातलं एकेक भांडं तपासत बसला, चिकटतंय, नाही चिकटत, चिकटतंय. स्टीलची सुद्धा निम्मी नापास. शेवटी दोन पातेली आणि एक लोखंडी तवा पास झाला, तोही मध्ये जरा खोलगट, त्यामुळे पोळी मधून कच्ची राहायची आणि फुगायची तर नाहीच. विजेच्या तव्यावर फुलका फुगवायचा कसा हे कोणाला जमत असेल तर मी त्यांच्या पाया पडेन. वांगं भाजायचं नाव काढू नका.

मग नवरा म्हणाला भावाकडे जास्तीचा सिलेंडर आहे तो घेऊन येतो, जोडू. आमचं सिलेंडरचं कनेक्शन पाइपलाइन आली तेव्हाच परत केलेलं. पण ते पण जमणार नव्हतं, कारण पाइपचा गॅस आला तेव्हा शेगडीचे जेट बदलून मोठ्या भोकाचे बसवले होते, हा गॅस पातळ म्हणून. त्या भोकातून सिलेंडरचा गॅस सोडला तर हातभर पिवळी ज्योत आणि नुसतं काजळ. म्हणजे परतीचे दोर कापलेले!

या सगळ्यात घरात एकच माणूस फुलत होतं. आई.

आईंनी दोन दिवसांत मीटरचा स्वभाव ओळखला. सकाळी साडेपाच ते साडेसहा तो चांगला वागतो. एकच बर्नर लावला तर जास्त टिकतो, दोन लावले की चिडतो. विझायच्या आधी तीन वेळा खाली-वर होतो, तिसऱ्या वेळी नॉब बंद करायचा म्हणजे करायचाच. हे शेवटचं फार महत्त्वाचं होतं, आणि तेवढ्या एकाच गोष्टीची मला खरी भीती वाटायची, कारण आमच्या शेगडीला ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय नाही, आणि आमचा गॅस गेला तसा परतही यायचा. म्हणजे तुम्ही हॉलमध्ये फोनवर बोलताय, इकडे विझला, पाच मिनिटांनी परत आला आणि न पेटलेल्या बर्नरमधून नुसता वाहतोय. म्हणून घरात मार्शल लॉ लागला. शेगडी चालू असेल तर ओट्यापाशी माणूस हवा. ड्युट्या लागल्या. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा दूध तापताना शेवटपर्यंत बघितलं, आणि ते एवढं वर येतं याचं त्याला खरंच आश्चर्य वाटलं. लग्नाला सव्वीस वर्षं झालीत.

आणि टपली. ती आईंचीच शोधबुद्धी. ज्योत लटपटायला लागली की लाटण्याच्या टोकाने मीटरच्या कुशीत हलकीशी टपली मारायच्या, टक्, आणि बऱ्याचदा तो ताळ्यावर यायचा. मी म्हटलं आई नका मारू, तर म्हणाल्या, "अगं रेडिओला मारायचो ना आपण?" त्या गिरगावात चाळीत वाढल्या, रॉकेलच्या स्टोला पिन मारून मारून मोठ्या झाल्या, पुढे बर्शेनचा सिलेंडर आला. यंत्र म्हटलं की त्याला काहीतरी टोचायचं किंवा ठोकायचं असतं यावर त्यांची श्रद्धा आहे. शिवाय पाइपच्या गॅसचं त्यांना नवल नाहीच. लालबागला गॅस कंपनी लेन आहे ना, तिथल्या कारखान्यात कोळशापासून गॅस करायचे आणि तो पाइपातून मुंबईत फिरायचा. 1860 च्या दशकात रस्त्यावरचे दिवे त्या गॅसवर लागले होते म्हणे. "तुमचं नवीन काही नसतं," असं त्या मला मधूनमधून ऐकवतात.

सातव्या दिवशी संकष्टी आली. उकडीचे मोदक, एकवीस, चंद्रोदय साडेनऊच्या आसपास. पहिला घाणा झाला, दुसरा चढवला, चार मिनिटं झाली आणि गेला. टपली, दोन टपल्या, काही नाही. मी रडकुंडीला आले, मोदकांची वरची कळी कच्ची दिसत होती. आई शांत. "झाकण उघडू नकोस." त्यांनी मोदकपात्रावर जुना टॉवेल गुंडाळला, वर वरवंटा ठेवला आणि मोबाइलवर बातम्या बघत बसल्या. पंधरा मिनिटांनी मोदक झालेले. जरा चिकट होते, पण झालेले. त्या रात्री आईंच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी गेल्या चौदा वर्षांत बघितलं नव्हतं, आणि मला जरा अपराधी पण वाटलं.

पोळ्यांसाठी मात्र आम्ही शरण गेलो होतो शेजारच्या काकूंना. रोज सव्वासातला मी कणकेचा डबा आणि लाटणं घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात. लाटणं आपलं आपलं बरं, दुसऱ्याच्या लाटण्याने पोळी वाकडी होते. काकू भाजायच्या, मी लाटायचे. काकूंना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांच्या सुनेची बदली झालीये, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी फ्लॅट विकायला काढलाय, हे सगळं मला त्या आठवड्यात कळलं. एका भिंतीपलीकडे राहतो आम्ही. सिलेंडर उसने घ्यायचो तेव्हा ही माहिती आपोआप मिळायची, बोनस म्हणून.

अकराव्या दिवशी, चौथ्या तक्रारीनंतर, दुसरा माणूस आला. वयाने मोठा, अर्धी मिशी पांढरी. त्याने नळी-बिळी काढलीच नाही. एक बर्नर लावला, स्टूल ओढलं, बसला आणि ज्योतीकडे बघत राहिला. दहा मिनिटं. आईंनी चहा दिला (इंडक्शनवरचा). मग ज्योत खाली-वर झाली, तो म्हणाला, "मीटर गेलं, मावशी."

मग त्याने चिरंजीवांना समजावलं ते मी पण ऐकलं. आत दोन भाते असतात, पेटीला असतो तसे. गॅस येतो तो एका भात्यात शिरतो, तो फुगतो, तेवढ्यात दुसरा रिकामा होऊन शेगडीकडे गॅस ढकलतो, मग उलट. वीज नाही, बॅटरी नाही, गॅसच्याच जोरावर भाते हलतात आणि त्यांच्या हलण्यावर ते आकडे फिरतात. काळे आकडे बिलाचे, स्वल्पविरामानंतरचे लाल आकडे कोणी वाचत नाही. भाता ताठला किंवा आतली झडप अडकली की कधी आकडे फिरत नाहीत आणि गॅस फुकट जातो, आणि कधी उलटं, गॅसच अडतो. आमच्या नशिबात उलटं!

आई म्हणाल्या, "म्हणजे दमा झालाय त्याला."

"तसंच समजा," तो म्हणाला. मग त्याला मीटरच्या कुशीतले बारीक पोचे दिसले आणि त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! "ताई, ठोकत जाऊ नका. सांधा हलला तर दम्यावरून कॅन्सरवर जाल." मी मान खाली घातली. आई बातम्या बघत होत्या.

नवीन मीटर बसलं, सगळे आकडे शून्य. जुनं त्याने गोणीत टाकलं, टाकताना आतून खुळखुळ आवाज आला. साबणाचा फेस लावून बघितला, शेगडी बंद करून दहा मिनिटं लाल आकडा जागचा हलतोय का तेही बघितलं. जाताना म्हणाला, "तुमच्या बिल्डिंगला सगळी मीटरं एकाच लॉटची बसलेली आहेत." मी तेव्हा नुसतं हं म्हटलं.

आता गॅस छान आहे. निळा, स्थिर, मुका. चिरंजीवांनी लाल आकडे बघून हिशोब काढलाय की चार माणसांच्या चहाला वीसेक लिटर गॅस लागतो आणि आईंच्या उकळलेल्या चहाला तीसच्या वर, त्यावरून घरात एक दिवस भांडण झालं. अकरा दिवसांचं बिल मात्र सरासरीने आलंय, नवरा त्याच्या मागे आहे, रोज चार दाबतो आणि सनई ऐकतो. आई अजून साडेपाचला उठून डाळ लावतात. म्हटलं आता कधीही लावा, तर म्हणाल्या, सवय झाली.

परवा पोळ्या करायला घेतल्या तर लाटणं सापडेना. अख्खं स्वयंपाकघर पालथं घातलं आणि मग आठवलं, ते काकूंकडेच राहिलंय. फोन केला. काकू म्हणाल्या, "हो गं, इथेच आहे, पण दोन दिवस राहू दे ना. आमचा गॅस कालपासून जरा श्वास घेतल्यासारखा करतोय, आणि तुझ्या सासूबाई म्हणाल्या, त्याच लाटण्याने बरं होतं."